आठ आणे आणि एक पिल्लू

दिवाळीनंतर आमच्या मुलाने दोन महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू घरी आणलं. "माझ्या स्वयंपाकघरात हे चालणार नाही," असं मी आधीच बजावलं होतं. म्हणून पहिल्या रात्री त्याला बाल्कनीत ठेवलं. ते पहाटेपर्यंत रडत होतं. सकाळी मी चिडून म्हणाले, "परत देऊन ये, नाहीतर पांजरपोळेत सोड."

बोलून गेले आणि मलाच कसंतरी झालं. कारण मुंबईची पांजरपोळ कशातून उभी राहिली, ते मला माहीत होतं.

इंग्रजी अमलात मुंबईत ठरावीक महिन्यांत मोकाट कुत्री मारण्याचा नियम होता. 1832 मध्ये ती मुदत वाढवली गेली आणि एका कुत्र्यामागे आठ आणे मिळू लागले. आठ आणे त्या काळी थोडे नव्हेत. पैशाच्या लोभाने कुत्री पकडणारे लोकांच्या घरातलीही कुत्री ओढून नेऊ लागले. 6 जूनला पारशांचा सण होता. त्यांच्यात कुत्र्याला धार्मिक मान आहे, अंत्यविधीतही कुत्र्याची नजर मृतदेहावर पडावी लागते. कोटात पारशी रस्त्यावर उतरले, शिपायांशी झटापट झाली. दुसऱ्या दिवशी बाजार बंद. त्यात जैन आणि हिंदू व्यापारीही सामील झाले. गोऱ्या पलटणीची रसद अडली, तेव्हा सरकारला जाग आली. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी मध्यस्थी केली. कुत्री मारू नका, शहराबाहेर हलवा, अशी मागणी पुढे आली.

पण हलवायची कुठे? त्यांना खायला कोण घालणार? बंद पाळून हा प्रश्न सुटत नाही. 1834 मध्ये जमशेटजी आणि भायखळ्याचं आदीश्वर मंदिर बांधणारे आपले मोतीशा शेठ यांनी पुढाकार घेतला आणि भुलेश्वरला पांजरपोळ सुरू झाली. खर्चासाठी व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर लाग बसवली. म्हणजे माल विकला की त्यातला ठरलेला वाटा जनावरांसाठी बाजूला. मी कॉमर्सची पदवीधर, त्यामुळे मला यातली हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते. एका बाजूला कुत्रं मारायला आठ आणे, दुसऱ्या बाजूला ते जगवायला कायमची तरतूद. दया मनात सगळ्यांच्याच असते, तिची खतावणी ठेवणारे थोडे.

आज तिथे मुख्यतः गायी दिसतात. पण ज्या जिवांना घर नाही, त्यांच्यासाठी ती जागा होती. आणि मी घर मिळालेल्या जिवाला तिथे धाडायला निघाले होते!

मग आमच्याही घरात तरतूद केली. रात्री त्याची टोपली मुलाच्या पलंगाशेजारी ठेवली. आईपासून तुटलेलं पिल्लू अंधारात एकटं राहू शकत नाही, जवळ कोणाचा श्वास ऐकू आला की निजतं. जेवण रोज ठरल्या वेळी. उठल्यावर आणि खाल्ल्यावर लगेच बाहेर, एकाच जागी. घरात घाण केली तरी ओरडायचं नाही, मुकाट्याने पुसायचं. पहिले काही दिवस पाहुण्यांची गर्दी नाही. लसी आणि खाणं डॉक्टरांना विचारून. आपल्या घरात कांदा-लसूण नसतो हे बरंच, कुत्र्याला ते विषासारखे. पण मनुके आणि चॉकलेटही तसेच, ते डबे मी वर ठेवले.

तिसऱ्या आठवड्यात रडणं थांबलं. आता मी पोळ्या करते तेव्हा ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर पाय पसरून पडतं. आत येत नाही. मीही आता 'परत देऊन ये' म्हणत नाही. घरखर्चाच्या वहीत त्याच्या नावाचं पान उघडलं आहे.