कुकरातले डबे कुठून आले?

प्रेशर कुकरचा इतिहास सांगायला बसले की सगळे दनी पापँपासून सुरुवात करतात, आणि ते बरोबरच आहे. या फ्रेंच माणसाने १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे घट्ट झाकणाचे जाड भांडे मांडले. त्यात त्याने हाडेसुद्धा मऊ शिजवून दाखवली. भांडे फुटू नये म्हणून वजनाने दाबलेली झडपही त्यानेच बसवली. दोनशे वर्षांनी, १८७९ मध्ये, पाश्चरचे सहकारी शार्ल शांबरलां यांनी त्याच तत्त्वावर ऑटोक्लेव्ह बनवला. १९३९ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात प्रेस्टो हा घरगुती कुकर लोकांपुढे आला. १९५९ मध्ये हॉकिन्स आणि प्रेस्टिज भारतात बनू लागले.

एवढ्यावर कुळकथा संपते असे मानले जाते. पण या वंशावळीत डबे कुठेच नाहीत.

मराठी घरातला कुकर आठवा. तळाला पेलाभर पाणी, भांडे काळे पडू नये म्हणून त्यात पिळलेल्या लिंबाची साल, वर जाळी. जाळीवर तुरीच्या डाळीचा डबा, त्यात हळद, हिंग आणि तेलाचा थेंब. त्याच्यावर तांदळाचा डबा. घरात तान्हे बाळ असेल तर कडेला त्याच्या गुरगुट्या भाताची वाटी, वर जागा उरली तर दोन बटाटे. तीन शिट्ट्या झाल्या की एका आचेवर आख्खे जेवण तयार, आणि अन्न तळाला लागत नसल्याने कुकर नुसता विसळला तरी चालतो. पापँच्या झाकणाने पाण्याचा उत्कलनबिंदू १०० वरून १२० अंशांच्या आसपास नेला, हे खरे. पण वरण, भात आणि बटाटे एकमेकांत न मिसळता एकदम शिजवायचे, ही कल्पना त्या झाकणाबरोबर आलेली नाही. पंजाबात राजमा आणि छोले थेट कुकरातच शिजतात, आणि कुकर वापरायची पाश्चात्त्य रीतही मुख्यतः तीच आहे.

मग डबे आले कुठून? माझे उत्तर आहे: कलकत्त्याहून. आणि त्याच्याही मागे, चीनहून.

कलकत्त्यापर्यंतचा माग सोपा आहे. इंदुमाधव मल्लिक (१८६९–१९१७) हे तत्त्वज्ञान, भौतिकशास्त्र, कायदा आणि वैद्यक या चारही विषयांत शिकलेले बंगाली गृहस्थ. त्यांनी १९१० मध्ये ‘इकमिक कुकर’ काढला. हायजीनिक आणि इकॉनॉमिक या शब्दांची शेपटे जोडून हे नाव झाले, असे सांगतात. त्याची रचना अशी: उभे नळकांडे, खाली निखाऱ्यांची जागा, नळकांड्यात थोडे पाणी, आणि त्यात एकावर एक रचलेले डबे. भात, डाळ, भाजी, मटण, ज्याचा त्याचा डबा वेगळा. निखारे घालून कामाला निघून जावे, परत यावे तर जेवण शिजलेले.

माझ्याकडे याच जातीचा एक जुना पितळी कुकर आहे. डब्यांना आतून कल्हई आहे. सगळे डबे एका उभ्या चौकटीत अडकतात आणि वरच्या कडीला धरून एकदम बाहेर निघतात. त्यात दाब निर्माण होत नाही, झाकणातून वाफ निवांत निसटते, त्यामुळे डाळ शिजायला वेळ लागतो. पण पाण्याची जागा, डब्यांची उतरंड आणि ज्याचे त्याचे पाणी ज्याच्या त्याच्या डब्यात, हे सगळे आपल्या ओट्यावरच्या कुकरात जसेच्या तसे आहे. पापँचे झाकण आणि मल्लिकांचे पोट, असा हा दोन घराण्यांचा संबंध आहे.

खरा वाद याच्या मागच्या पायरीवर आहे. मल्लिकांना ही कल्पना सुचली कुठून? नेहमी सांगितली जाणारी कथा पुरीची आहे. जगन्नाथाच्या स्वयंपाकघरात मातीची मडकी एकावर एक रचून महाप्रसाद शिजवतात, खाली लाकडाचा जाळ असतो, आणि सगळ्यात वरचे मडके आधी शिजते अशी भाविकांची श्रद्धा आहे. मल्लिकांनी ते पाहिले आणि कुकर केला, असे म्हणतात. कथा सुंदर आहे, आणि एक बंगाली गृहस्थ पुरीला गेले असतील यात नवल कसले? पण यंत्र म्हणून पाहिले तर ती पुरती जुळत नाही. पुरीत जाळ थेट मडक्यांना लागतो. मडक्यांची उतरंड उघड्यावर असते, तिच्याभोवती बाहेरचे भांडे नाही आणि तळाला वेगळे पाणी नाही. इकमिकचा जीव तर त्या वेगळ्या पाण्यात आहे. अन्नाला आच लागते ती पाण्याच्या वाफेमार्फत, म्हणून ते करपत नाही आणि त्याच्यावर नजर ठेवावी लागत नाही.

मला वाट सापडली ती एका पुस्तकाच्या नावात. कुकर काढण्याच्या काही वर्षे आधी, १९०६ च्या सुमारास, याच मल्लिकांचे ‘चीन भ्रमण’ हे प्रवासवर्णन बंगालीत प्रसिद्ध झाले होते. म्हणजे हा माणूस चीन पाहून आलेला होता! आणि वाफेवरच्या उतरंडीचा देश जगात कुठला असेल तर तो चीन. तिथे नवाश्मयुगापासून वाफेवर शिजवायची मातीची भांडी सापडतात. बांबूच्या गोल टोपल्या एकावर एक रचायच्या, खाली कढईत पाणी उकळायचे, प्रत्येक टोपलीत वेगळा पदार्थ, ही तिथल्या खाणावळींची रोजची रीत. एखादा चौकस डॉक्टर चिनी बंदरात उतरला तर अशी वाफाळती चवड त्याच्या नजरेतून सुटणे शक्य नाही. परत येऊन त्याने टोपल्यांच्या जागी तळ असलेले डबे ठेवले, कारण डाळ-भाताला पाणी लागते आणि टोपलीत पाणी राहत नाही. पुरीने त्याला बंद भांड्यांची रास दिली असेल, पण खालचे पाणी चीनने दिले. माझा कौल चीनकडे आहे.

प्रतिपक्षाकडे आणखी दोन दावे आहेत. पहिला आपल्या मोदकपात्राचा. वाफेवर उकडणे आपल्याला पूर्वीपासून ठाऊक होते, मग चीनला कशाला जायचे? पण मोदकपात्रात चाळणीवर एकच पदार्थ असतो. त्यातून चार डब्यांचे जेवण निघत नाही. शिवाय वाफेच्या बाबतीत आपला वारसा किती जुना, हाही प्रश्नच आहे. अन्न-इतिहासकार के. टी. अचया यांनी ह्युएन त्संगच्या हवाल्याने असे मांडले की सातव्या शतकात भारतात वाफेवर शिजवायचे भांडे नव्हते, आणि इडली उकडण्याची रीत इंडोनेशियातून आली असावी. ते सगळ्यांना पटलेले नाही, पण वाफ पूर्वेकडून आली या माझ्या मताला त्याने बळच मिळते.

दुसरा दावा जेवणाच्या डब्याचा. मुंबईत १८९० पासून डबेवाले पुड्यापुड्यांचे डबे पोचवत होते, तोच डबा कुकरात गेला, असे म्हणता येईल. आकारापुरते मी हे मान्य करतो. इकमिकची चौकट डब्याच्या चौकटीसारखीच आहे. पण डबा शिजलेले अन्न वाहून नेतो. त्याला पाण्यावर ठेवून त्यातच शिजवणे ही वेगळी उडी आहे, आणि ती मल्लिकांनी मारली.

माझ्या मताला खरी अडचण करतो तो बंगाल. इकमिक तिथला, मग डबे लावण्याची रीत तिथे घरोघर हवी होती. प्रत्यक्षात बंगाली घरात भात हंडीत शिजवून पेज काढण्याचीच सवय राहिली, आणि डबे रुजले महाराष्ट्रात, गुजरातेत, दक्षिणेत. मला याचे कारण असे दिसते: इकमिक हा एकट्या माणसाचा कुकर होता. मेसमध्ये राहणारा विद्यार्थी, बदलीवरचा कारकून, प्रवासी यांचा. बंगालमध्ये घरच्या हंडीशी त्याची गाठच पडली नाही. आपल्याकडे मात्र रोजच्या ताटात साधे वरण आणि भात शेजारी शेजारी लागतात, दोन्ही मऊ, दोन्ही एकाच वेळी गरम. त्यांना जुळ्या डब्यांइतके सोयीचे दुसरे काही नाही. म्हणून १९५९ नंतर दाबाचा कुकर घरात आला तेव्हा मराठी गृहिणीने त्यात डाळ-तांदूळ थेट न ओतता डबे लावले.

ही वंशावळ पुढेही चालू आहे. २०१० मध्ये कॅनडातून इन्स्टंट पॉट नावाचा विजेवरचा कुकर आला. त्याला शिट्टी नाही, वेळ बटणाने लावायची. अमेरिकेतल्या मराठी घरांत तो पोचला, आणि लवकरच त्याच्या पोटात बसतील अशा मापाचे, चिमट्यात एकावर एक अडकणारे स्टीलचे डबे बाजारात मिळू लागले. खाली पाणी, मग डाळ, वर भात. तिथले अमेरिकी शेजारीही आता त्याच भांड्यात आतले भांडे ठेवून शिजवायला शिकले आहेत.