दिनविशेष : २० जुलै

नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले, पुढे केंब्रिजला शिकून व बॅरिस्टर होऊन परतल्यावर १९३० साली त्याच नगरीत वकिलीस बसलेले आणि १९५४ मध्ये तेथील उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झालेले तत्कालीन सरन्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला यांनी १९६९ साली आजच्या दिवशी भारताच्या कार्यवाहक राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली. शिरूर वा दौंडच्या मामलेदार कचेरीत साहेब रजेवर गेले की चार्ज कोणाकडे, याचा हुकूम आधीच तयार असतो. पण राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचे ३ मे रोजी निधन झाले, त्यांच्या जागी आलेले उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी निवडणूक लढविण्यासाठी राजीनामा देण्याच्या बेतात होते, आणि दोन्ही आसने एकदम रिक्त झाल्यास काय, याची तजवीज मात्र संसदेला त्याच मे महिन्यात घाईने कायदा करून सरन्यायाधीशांचे नाव घालून करावी लागली.

कारकीर्द अवघी पस्तीस दिवसांची, तीही शोभेच्या पदावरची. तथापि अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांचे दिल्लीत स्वागत आणि चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या विधेयकावर स्वाक्षरी, ही दोन्ही कृत्ये तीत घडली. न्यायाधीशाने राष्ट्रप्रमुख होणे अन्यत्रही घडले आहे; त्रिनिदादमध्ये न्यायासनावरून निवृत्त झालेले नूर हसनअली १९८७ साली राष्ट्राध्यक्ष झाले. हिदायतुल्ला मात्र २४ ऑगस्टला पुन्हा सरन्यायाधीशाच्या आसनावर परतले, आणि आमच्या मते त्यांचे वेगळेपण याच परतण्यात आहे. १९७९ ते १९८४ ते उपराष्ट्रपती होते. १९८२ च्या ऑक्टोबरात, राष्ट्रपती झैलसिंग उपचारासाठी परदेशी गेले असता, तोच कार्यभार त्यांनी दुसऱ्यांदा सांभाळला.