आर्णीहून विद्युत्-विद्येच्या उच्च शिक्षणाकडे

अरुणावतीकाठच्या आमच्या आर्णीतून विद्युत् व इलेक्ट्रॉनिक अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर अभ्यासास निघणाऱ्या विद्यार्थ्याची वाट पूर्वी फार लांबची होती. १९११ साली बंगळूरच्या टाटांच्या विज्ञानसंस्थेत अध्यापन सुरू झाले, तेव्हा आरंभीच्या मोजक्या विभागांत विद्युत् तंत्रविद्येचा अंतर्भाव होता. पुरुषोत्तम काशिनाथ केळकर तेथेच शिकले. पुढे लिव्हरपूलला जाऊन १९३७ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली, आणि १९५९ मध्ये ते कानपूरच्या आय. आय. टी.चे पहिले संचालक झाले. त्या पिढीस उच्च शिक्षण म्हणजे बहुधा समुद्रोल्लंघनच!

पुढे १९५८ मध्ये पवईची आय. आय. टी., १९६० मध्ये नागपूरचे विश्वेश्वरय्या महाविद्यालय निघाले. १९८३ मध्ये पुसदलाही अभियांत्रिकी महाविद्यालय झाले. आज पदवी पुसदला आणि एम. टेक. नागपूरला, असा क्रम आर्णीकरास अशक्य राहिलेला नाही. 'गेट' परीक्षेच्या गुणांवर प्रवेश मिळाल्यास दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतनही आहे.

तथापि अडचण वेगळीच आहे. प्रवेशाचे शुल्क, वसतिगृह, खानावळ यांचा पैसा आषाढ-श्रावणात भरावा लागतो. त्या वेळी घरातली शिल्लक बी-बियाणे, खते व निंदणीत गेलेली असते. कापसाचा पैसा दसरा-दिवाळीनंतरचा, आणि विद्यावेतनाचा पहिला हप्ता प्रवेशानंतरचा. एवढ्या तीन-चार महिन्यांच्या खिंडीत मुलगा मिळालेली जागा सोडून नोकरी धरतो. मुलीची जागा तर कोणी न विचारताच सुटते. आपल्या मंडळाच्या शिष्यवृत्तीचे वाटप दिवाळीच्या संमेलनात न करता आषाढातच व्हावे, अशी आमची कार्यकारिणीस विनंती आहे.