बुडालेल्या दिवसाची मजुरी

मुक्काम पापनाशम, जिल्हा तंजावूर

तामिळनाडूत पापनाशम नावाची दोन ठिकाणं आहेत. धरणाचं पापनाशम खाली तिरुनेलवेलीकडे. आमचं पापनाशम तंजावूरहून कुंभकोणमला जाताना वाटेत लागतं. कावेरीच्या फाट्यांमधलं तालुक्याचं गाव, चहूकडे भात. नायक राजांच्या काळातलं भलंमोठं धान्याचं कोठार इथे अजून उभं आहे, म्हणजे चारशे वर्षांपूर्वीही या गावाची ओळख भाताचीच होती. मराठी माणूस तंजावूरला येतो तो सर्फोजीराजांचं सरस्वती महाल ग्रंथालय आणि मोठ्या देवळातला 1803 चा मराठी शिलालेख पाहायला. त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. आजचा विषय वेगळा आहे.

पोंगल आला आणि सांबा भाताच्या कापणीला सुरुवात झाली की इथल्या गावागावांत फ्लेक्स लागतात. नेत्यांचे आणि नटांचे फोटो, मधे ट्रॉफी, खाली बक्षिसांची रक्कम आणि प्रवेश फी. रात्री दिव्यांच्या उजेडात सामने. खेळ कबड्डीचा. जुनी माणसं अजून 'सडुगुडु' म्हणतात. आपला हुतूतू तोच. तुकोबांच्या गाथेत खेळांचे अभंग आहेत, त्यात हुतूतूही आहे. म्हणजे आपल्याकडेही खेळ जुनाच.

गंमत आहे ती खेळ चालवणाऱ्या संघटनांच्या नावात. राज्य संघटनेच्या नावात 'ॲमॅच्युअर' शब्द आहे आणि राष्ट्रीय महासंघाच्याही. ॲमॅच्युअर म्हणजे हौशी. खेळासाठी पैसे न घेणारा. हा शब्द एका विशिष्ट भांडणातून मोठा झाला आहे. ते भांडण समजलं की पापनाशमच्या मैदानावर काय चाललंय ते जास्त नीट दिसतं. त्यासाठी आधी इंग्लंड आणि मग ऑस्ट्रेलियाच्या भातशेतीपर्यंत जावं लागेल. थोडा धीर धरा.

गोष्ट रग्बीची आहे. हा खेळ इंग्लंडमधल्या श्रीमंतांच्या शाळांमधून आला. पण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी यॉर्कशायर आणि लँकेशायरमध्ये तो खाणकामगार आणि गिरणी कामगारांचा झाला. सामना शनिवारी, आणि शनिवारी अर्धा दिवस काम. लांबच्या गावी सामना असला की पाळी बुडायची आणि मजुरी कापली जायची. म्हणून उत्तरेकडच्या क्लबांनी मागणी केली की खेळण्याचे पैसे नकोत, पण बुडालेल्या वेळेची भरपाई द्या. 1893 मध्ये रग्बी युनियनच्या सभेत हा ठराव फेटाळला गेला. सभेतल्या बहुसंख्य मंडळींना शनिवारची मजुरी म्हणजे काय हा प्रश्न आयुष्यात कधी पडलेला नव्हता. 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे क्लब जमले आणि वेगळे झाले. नव्या संघटनेने दिवसाला सहा शिलिंग भरपाई मान्य केली. आज जिला 'रग्बी लीग' म्हणतात तो खेळ इथून सुरू झाला. पुढे 1906 मध्ये पंधराचे तेरा खेळाडू झाले, नियम बदलले. पण फुटीचं मूळ नियमांत नव्हतं, सहा शिलिंगांत होतं.

आणखी एक बारकावा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. 1898 मध्ये या संघटनेने पैसे घेऊन खेळायला परवानगी दिली, पण अट घातली की खेळाडूला दुसरी खरीखुरी नोकरी असलीच पाहिजे. म्हणजे खेळ हे पोटापाण्याचं साधन होऊ द्यायचं नव्हतं, पण खेळाडू उपाशीही राहू द्यायचा नव्हता.

बारा वर्षांनी हेच भांडण सिडनीत उभं राहिलं. 1907 मध्ये ॲलेक बर्डन नावाचा खेळाडू सामन्यात जखमी झाला. कामावर जाता येईना आणि रग्बी युनियनने भरपाई दिली नाही. लोक चिडले. नवी संघटना काढण्याच्या बैठका एका खेळसाहित्याच्या दुकानात होत. त्या दुकानाचा एक मालक क्रिकेटच्या रसिकांना चांगला ठाऊक आहे : व्हिक्टर ट्रंपर! ऑस्ट्रेलियाचा तो देखणा फलंदाज रग्बी लीगच्या संस्थापकांपैकी एक आणि पहिला खजिनदार. 1908 मध्ये सिडनीत पहिला हंगाम खेळला गेला, आणि काही वर्षांत हा खेळ रेल्वेच्या रुळांवरून आतल्या गावांत पोचला.

गावाकडचा हा खेळ सिडनीपेक्षा वेगळा वाढला. न्यू साउथ वेल्स राज्याच्या ग्रामीण भागाचे क्रमांक दिलेले 'ग्रुप' केले गेले. आपल्या तालुका-जिल्हा रचनेसारखेच. टुमुट गावातल्या एका हॉटेलवाल्याने दिलेला 'माहेर कप' (नाव त्याचं, आपल्या माहेराशी संबंध नाही!) 1920 पासून 1971 पर्यंत गावागावांत फिरला. पद्धत साधी. कप ज्या गावाकडे असेल त्याला दुसऱ्या गावाने आव्हान द्यायचं. हरलात की कप गेला. टुमुट, गुंडागाई, कूटामुंड्रा, टेमोरा, यंग. लोकसंख्या काही हजार, पण सामन्याच्या दिवशी दुकानं बंद. गावं वर्गणी काढून बाहेरून कर्णधार-प्रशिक्षक आणत, त्याला पगार देत. बाकीचे खेळाडू गव्हाच्या शेतावरचे, मेंढ्या कातरणारे, रेल्वेतले. हौशी म्हणावेत तर पैसा होता, धंदेवाईक म्हणावेत तर सोमवारी सगळे कामावर.

मला यातला ग्रुप 20 सगळ्यात जवळचा वाटतो. भारत आणि ऑस्ट्रेलियाच्या संयुक्त सरावाच्या वेळी तिकडचा एक वॉरंट ऑफिसर भेटला, तो ग्रिफिथचा. ग्रिफिथ, लीटन, येंडा ही गावं मरमबिजी नदीच्या कालव्यांवर वसली. मूळचा कोरडा मुलूख, 1912 नंतर पाणी आलं आणि 1920 च्या दशकापासून भात. ऑस्ट्रेलियात भात पिकतो हे ऐकून आपल्याला नवल वाटतं, पण तिथल्या भाताचं हेच आगर. कालवा, पाणी सोडण्याच्या पाळ्या, कापणी आणि मग मैदान. ग्रुप 20 म्हणजे भातवाल्यांची रग्बी. आणि त्याच ग्रिफिथमध्ये दरवर्षी जूनमध्ये शिखांचे खेळ भरतात, त्यात कबड्डीचे सामने होतात. दोन्ही खेळ एकाच गावात नांदतात.

आता परत आपल्या मातीत येऊ.

हुतूतूला कागदावर आणायचं श्रेय मराठी मुलखाकडे जातं. साताऱ्यात आणि मग बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्यात नियम बसवले गेले. 1923 मध्ये बडोद्याला अखिल भारतीय स्पर्धा झाली. 1936 मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी प्रात्यक्षिक केलं. 1950 मध्ये अखिल भारतीय महासंघ झाला आणि पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1952 मध्ये मद्रासला झाली. महाराष्ट्राचे नियम, मद्रासचं मैदान. बुवा साळवींसारख्या माणसांनी आयुष्यं खर्ची घालून खेळ देशभर नेला, आणि 1990 च्या बीजिंग एशियाडमध्ये कबड्डीला पदकाचा खेळ म्हणून जागा मिळाली. त्या पहिल्या सुवर्णविजेत्या संघात तामिळनाडूचा राजरत्नम होता.

या इतिहासात हडर्सफील्डसारखी फूट मजुरीवरून झाली नाही. का झाली नाही, हे पाहण्यासारखं आहे. प्रश्न तर इथेही होता, आणि जास्त टोकदार होता. 1952 या एकाच वर्षी मद्रासला पहिली राष्ट्रीय कबड्डी झाली आणि तंजावूर जिल्ह्यातल्या कुळांना आणि 'पण्णैयाळ' म्हणजे सालगड्यांना संरक्षण देणारा कायदा आला. सालगडी जमीनदाराच्या शब्दावर बांधलेला. त्याला सुट्टी कसली आणि खेळायला परगावी कोण पाठवतो? मजुरीवरचा तणाव पुढेही धुमसत राहिला. 25 डिसेंबर 1968 च्या रात्री जुन्या तंजावूर जिल्ह्यातल्या कीळवेण्मणीत एका झोपडीत कोंडून 44 माणसं जाळली गेली. शेतमजुरांची कुटुंबं होती, बहुतेक बायका आणि मुलं. वाद होता मजुरीच्या भातात थोडी वाढ मागण्याचा. खोरं हिरवंगार आहे म्हणून इथला दिवस स्वस्त होता असं समजू नये. कुणाचा तरी दिवस फार महाग होता आणि कुणाचा कवडीमोल.

मग कबड्डीने हा प्रश्न सोडवला कसा? नोकरीने. इंग्लंडच्या 1898 च्या अटीसारखंच, पण उलट बाजूने. तिथे अट होती की खेळायचं तर नोकरी हवी. इथे रीत पडली की खेळतोस ना, मग ये, नोकरी घे. मुंबईत गिरण्या, कारखाने, बंदर, बँका, पोलीस, रेल्वे यांचे संघ उभे राहिले. महाराष्ट्रातल्या स्पर्धांत 'व्यावसायिक गट' म्हणतात तो या कंपन्यांच्या संघांचा, आणि तो खेळणारा माणूस कागदोपत्री हौशीच! दक्षिणेतही रेल्वे, वीज मंडळ, पोलीस यांनी तेच केलं. सामन्याच्या दिवसाचा पगार कापला जात नाही, ही नोकरीतली सगळ्यात मोठी सवलत. सहा शिलिंगांचं हे भारतीय रूप.

यात आपली फौजही आली. फौजेतल्या जुन्या मंडळींना आठवत असेल, ऑफिसर मेसच्या आसपास स्क्वॉश, गोल्फ, पोलो. आणि कबड्डी, कुस्ती, बास्केटबॉल कंपनी लाइन्समध्ये. मेसमधल्या खेळांना हौशी म्हणणं सोपं असतं, कारण तिथे कुणाचा दिवस बुडत नाही. लाइन्समधल्या कबड्डीने मात्र कित्येक घरं उभी केली. राष्ट्रीय स्पर्धेत 'सेनादल' या नावाने उतरणारा संघ नेहमी दबदबा राखून असतो. 2018 च्या जानेवारीत हैदराबादला अंतिम सामन्यात महाराष्ट्राने सेनादलाला हरवलं, तेव्हा माझ्यासारख्यांनी टाळ्या नेमक्या कुणासाठी वाजवायच्या हा प्रश्नच होता.

2014 मध्ये प्रो कबड्डी आली आणि नोकरीबरोबर लिलाव आला. 2022 मध्ये तमिळ थलैवाज संघाने पवन सेहरावतला 2 कोटी 26 लाखांना घेतलं. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला आणि हंगाम संपला. बर्डनची आठवण येते, पण फरक मोठा आहे. पवनच्या मागे करार होता आणि रेल्वेची नोकरी होती. याच तंजावूर जिल्ह्याचा धर्मराज चेरलाथन चाळिशी ओलांडल्यावरही प्रो कबड्डीत खेळत राहिला, 2016 चा विश्वचषक जिंकलेल्या भारतीय संघातही होता. इथल्या प्रत्येक पोराला तो ठाऊक आहे.

आणि इथेच गोम आहे. पापनाशमच्या आसपास रात्री खेळणाऱ्या पोरांपैकी बरेच तिरुप्पूरच्या बनियन कारखान्यांत किंवा चेन्नईत कामाला असतात. कापणी आता यंत्र करतं. पोंगलला ती घरी येतात, संघ जमतो, चार गावं फिरून खेळतात. सुट्टीपेक्षा जास्त दिवस राहिलं की तिकडची मजुरी जाते. बक्षिसाची रक्कम बारा जणांत वाटल्यावर दोन दिवसांच्या पगाराइतकीही उरत नाही. घोटा किंवा खांदा गेला तर कर्ज. गावच्या स्पर्धांत मैदानावरच खेळाडू गेल्याच्या बातम्याही तामिळनाडूत अधूनमधून येतात. अशा वेळी 'हौशी' हा शब्द कुणाची जबाबदारी कमी करतो, याचा विचार व्हावा.

एनसीसीच्या कामात कॅडेट मला नेहमी एकच विचारतात, "सार, कबड्डीवर आर्मीत घेतात का?" घेतात. क्रीडा कोट्यातून थेट हवालदार होता येतं. पण त्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धांची प्रमाणपत्रं लागतात. गावच्या खुल्या स्पर्धेत पाच वर्षं धरपकड केली तरी हाती येते ती ट्रॉफी आणि फ्लेक्सवरचा फोटो. मी त्यांना सरळ सांगतो : अठराव्या वर्षाच्या आत शाळा-कॉलेजच्या आणि जिल्हा संघटनेच्या स्पर्धा खेळा, प्रमाणपत्र जपून ठेवा, आणि दहावी-बारावी सोडू नका. गावचा सामना आनंदासाठी खेळा, भविष्य तिथे लावू नका.

आयोजकांनाही मी एक गोष्ट सुचवत असतो. पहिल्या बक्षिसातले काही हजार कमी करून त्या रात्रीसाठी अपघात विमा घ्या आणि मैदानाच्या कडेला रुग्णवाहिका उभी ठेवा. दोन मंडळांनी हे ऐकलं. रुग्णवाहिका आली, विम्याची चौकशी सुरू आहे. हडर्सफील्डला सव्वाशे वर्षांपूर्वी सहा शिलिंगांसाठी खेळ फोडावा लागला होता. इथे काहीच फोडायचं नाही, फक्त फ्लेक्सवरच्या बक्षिसाच्या आकड्याखाली एक ओळ वाढवायची आहे. महाराष्ट्रात ज्यांच्या गावात जत्रेची कबड्डी भरते, त्या वाचकांनी आणि विशेषतः गावी स्थायिक झालेल्या माजी सैनिकांनी आपापल्या मंडळात ही ओळ वाढवता येते का ते पाहावं.

जय हिंद.