जगाची घड्याळे आणि आपला साडेपाच तासांचा हिशोब

आपल्या मंडळातील अनेक घरांतली मुले-नातवंडे आज परदेशी आहेत. फोन लावण्याआधी "तिकडे आता किती वाजले असतील?" हा प्रश्न आपण नेहमी विचारतो. त्यामागचे गणित सोपे आहे.

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते. म्हणजे एका अंशाला ४ मिनिटे. १८८४ साली वॉशिंग्टनच्या परिषदेत लंडनमधील ग्रीनिचचे रेखावृत्त शून्य अंश ठरले. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताची आहे. ८२.५ गुणिले ४ म्हणजे ३३० मिनिटे, म्हणून आपण ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे.

ही प्रमाणवेळ १९०६ पासून लागू झाली, तरी मुंबईत ३९ मिनिटे मागे असलेली 'बॉम्बे टाइम' पुढे बरीच वर्षे चालू होती. आपल्या बडोद्यातही सूर्य माथ्यावर येतो तो सरासरी १२ वाजून ३७ मिनिटांनी!

वेळ ठरवणे प्रत्येक देशाच्या हाती असते. एवढ्या मोठ्या चीनमध्ये अधिकृत वेळ एकच, तर रशियात ११ विभाग. नेपाळ आपल्या १५ मिनिटे पुढे.

खरा घोटाळा उन्हाळी वेळेमुळे होतो. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतात. ब्रिटनमध्ये हाच बदल मार्च व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. त्यामुळे फरक असे राहतात:

• न्यूयॉर्क : उन्हाळ्यात साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा तास मागे
• लंडन : उन्हाळ्यात साडेचार, हिवाळ्यात साडेपाच तास मागे
• दुबई : वर्षभर दीड तास मागे
• सिंगापूर : वर्षभर अडीच तास पुढे

पंचांगाबाबतही हे ध्यानात ठेवावे. तिथी जगभर एकाच क्षणी संपते, पण सूर्योदय गावोगाव वेगळा. म्हणून तिकडची एकादशी कधी आपल्या आदल्या तारखेला येते. मुलांनी तिथलेच पंचांग पाहिलेले बरे.

मुंज-बारशाचा कार्यक्रम ऑनलाइन दाखवायचा असेल, तर निमंत्रणात भारतीय वेळेसोबत त्यांच्या गावची वेळ आणि तारीखही लिहावी. आजीने अक्षता टाकल्या आणि नातवंडे तासभर उशिरा आली, असे व्हायला नको.