सही, साक्ष आणि टपाली मत

भारतातील टपाली मतदानाच्या नियमांत एक विसंगती आहे आणि ती हेतुपूर्वक ठेवलेली आहे. मतदाराने सोबतच्या घोषणापत्रावर सही केली नसेल तर त्याचे मत बाद होते; त्याने मतपत्रिकेवर सही केली असेल तर तेही मत बाद होते. एकाच लखोट्यातून प्रवास करणाऱ्या या दोन कागदांपैकी एकावर नाव अनिवार्य आहे आणि दुसऱ्यावर निषिद्ध. साहित्याच्या अभ्यासकाला कर्तृत्व आणि अनामिकता यांच्यातील ताण परिचयाचा असतो. येथे मात्र तो ताण कायद्याच्या कलमांत उतरला आहे आणि त्यावर कोणाचे तरी मत मोजले जाणे अथवा न जाणे अवलंबून आहे.

निवडणूक संचालन नियम, १९६१ यांनी आखलेली प्रक्रिया थोडक्यात अशी. मतदार मतपत्रिकेवर आपली पसंती नोंदवून ती आतल्या लखोट्यात (नमुना १३-बी) बंद करतो. तो लखोटा आणि सही केलेले घोषणापत्र (नमुना १३-ए) ही दोन्ही बाहेरच्या लखोट्यात (नमुना १३-सी) जातात. मतमोजणीच्या दिवशी निवडणूक निर्णय अधिकारी आधी बाहेरचे लखोटे उघडतो आणि घोषणापत्रे तपासतो. घोषणापत्र नसेल, त्यावर रीतसर सही व साक्षांकन नसेल, अथवा त्यातील मतपत्रिकेचा अनुक्रमांक आतल्या लखोट्यावरील क्रमांकाशी जुळत नसेल, तर आतला लखोटा न उघडताच मत नाकारले जाते. जी घोषणापत्रे ग्राह्य ठरतात ती सर्व एका पाकिटात घालून मोहोरबंद केली जातात. त्यानंतरच आतले लखोटे फोडायचे. म्हणजे ओळख प्रथम सिद्ध करायची आणि सिद्ध होताच ती दृष्टीआड करायची. नाव आणि मत यांची ही ताटातूट ज्या क्रमाने घडते तो क्रम चुकला तर एकतर तोतयेगिरीला वाव मिळतो, नाहीतर गुप्ततेचा भंग होतो.

मतदान केंद्रावर ही अडचण फारशी जाणवत नाही. तेथे माणूस देहाने हजर असतो. यादीतले नाव मोठ्याने वाचले जाते, उमेदवारांचे प्रतिनिधी हरकत घेऊ शकतात, १९९३ पासून देण्यात येऊ लागलेल्या ओळखपत्रावरील छायाचित्र चेहऱ्याशी ताडता येते आणि डाव्या तर्जनीवर शाई लागते. टपालाने चेहराही जात नाही आणि बोटही. जातो तो फक्त कागद. तेव्हा टपाली मताची ओळख पटवणे ही मूलतः वाचनाची क्रिया आहे आणि वाचणारा राज्यसंस्थेचा सेवक असतो. त्याच्या वाचनाच्या दोन परंपरा दिसतात. एक साक्षीची, दुसरी तुलनेची. या दोहोंमागे माणूस आणि त्याचे अक्षर यांच्या नात्याविषयीच्या दोन निराळ्या समजुती आहेत, आणि त्यांची किंमत निरनिराळ्या मतदारांना मोजावी लागते, असे मला वाटते.

साक्षीची परंपरा मराठी दप्तरांच्या वाचकाला नवी नाही. वतनाच्या तंट्यांत गोतसभेपुढे होणारा ‘महजर’ हा शब्दच मुळी अरबी असून त्याच्या मुळाशी ‘हजर असणे’ हा अर्थ आहे. महजरावर ज्यांना लिहिता येत नसे ते आपापली निशाणी करीत: पाटलाचा नांगर, सुताराचे वाकस, वाण्याची तागडी. ही निशाणी व्यक्तीची नव्हे, व्यवसायाची. कोणत्याही पाटलाचा नांगर दुसऱ्या पाटलाच्या नांगरासारखाच. तो शेजारी ठेवून ताडून पाहावा अशी कोणाची अपेक्षाच नव्हती, कारण ती निशाणी अमक्यानेच केली हे सभेत बसलेल्यांनी पाहिलेले असे. कागद त्या हजेरीचे स्मरण ठेवी, एवढेच. साक्षी म्हणजे प्रत्यक्ष पाहणारा ही पाणिनीने दिलेली व्युत्पत्तीही हेच सांगते. उलट ‘दस्तखत’ या फारसी शब्दात हात आणि लेखन एकत्र येतात. तेथे भर अक्षरावर आहे. आणि आपण रोज वापरतो तो ‘सही’ हा शब्द तर ‘खरे, बिनचूक’ या अर्थाच्या अरबी शब्दावरून आलेला. मराठीत नावाची खूण आणि खरेपणा यांना एकच शब्द आहे, याचा आपल्याला सहसा विसर पडतो.

माणूस हजर नसताना त्याची ओळख कशी पटवावी, हा प्रश्न निवडणुकीच्या संदर्भात मोठ्या प्रमाणावर उभा राहिला तो अमेरिकेच्या यादवी युद्धात. लाखो मतदार आपल्या गावांपासून दूर छावण्यांत होते. काही राज्यांनी छावणीतच मतपेट्या ठेवल्या. पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८६२ मध्ये अशी व्यवस्था राज्यघटनाबाह्य ठरवली आणि १८६४ मध्ये तेथे घटनादुरुस्ती करावी लागली. न्यूयॉर्कने वेगळा मार्ग पत्करला. गव्हर्नर होरेशिओ सीमोर यांनी १८६३ मध्ये पहिल्या विधेयकास नकार दिला होता; १८६४ मधील घटनादुरुस्तीनंतर कायदा झाला. त्यानुसार सैनिकाने गावाकडील एखाद्या विश्वासू मतदारास लेखी मुखत्यारी द्यायची, ती साक्षीदारासमक्ष सही करून अधिकाऱ्यापुढे शपथेवर द्यायची, मुखत्यारपत्र व मतपत्रिका लखोट्यात बंद करून तो लखोटा दुसऱ्या लखोट्यात घालायचा आणि गावी पाठवायचा. आपल्या १३-बी आणि १३-सीचे हे जुने भावंडच म्हणायचे.

ही व्यवस्था फसली ती नेमकी साक्षीच्या जागी. १८६४ च्या शरद ऋतूत बाल्टिमोर येथे न्यूयॉर्क राज्याच्या वतीने काम करणाऱ्या मोझेस फेरी आणि एडवर्ड डोनाह्यू यांच्यावर सैनिकांच्या आणि साक्षांकन करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या खोट्या सह्या करून मुखत्यारपत्रे तयार केल्याचा आरोप ठेवण्यात आला. लष्करी आयोगापुढे खटला चालून दोघांना जन्मठेप झाली. या प्रकरणाकडे पाहताना थोडी सावधगिरी हवी. आरोपी विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाच्या बाजूचे होते, खटला लिंकन यांच्या प्रशासनाच्या लष्करी यंत्रणेने चालवला आणि निवडणूक तोंडावर होती. तरी कागदपत्रांच्या दृष्टीने त्यातून दिसते ते असे: मतदाराची सही खोटी असू शकते म्हणून साक्षीदाराची सही आली, पण साक्षीदाराची सही खरी कशावरून, याचे उत्तर कागदावर कुठेच नव्हते. साक्षीमागे सभा उरली नव्हती. साक्षही आता आणखी एक लेख झाली होती.

भारतीय नियमांनी हा पेच वेगळ्या तऱ्हेने सोडवला. घोषणापत्रावरील साक्षांकन कोणीही करून चालत नाही. सेनादलातील मतदाराची सही त्याचा कमान अधिकारी साक्षांकित करतो, परदेशातील वकिलातीत काम करणाऱ्याची राजनैतिक प्रतिनिधी, निवडणूक कर्तव्यावरील कर्मचाऱ्याची राजपत्रित अधिकारी. साक्षांकन करणारा असे नमूद करतो की हा मतदार मला व्यक्तिशः परिचित आहे, अथवा मला परिचित असलेल्या दुसऱ्या कोणी त्याची ओळख पटवली आहे. परिचयाची ही साखळी वाचताना महजराची आठवण होते. फरक एवढाच की गोताच्या जागी आता पदश्रेणी आहे. आपल्या मताची शाश्वती देणारा माणूस आपला वरिष्ठ आहे, ही गोष्ट कनिष्ठ शिपायाच्या मनावर काय परिणाम करीत असेल, याचा विचार नियमांच्या भाषेत आढळत नाही. साताऱ्यासारख्या जिल्ह्यातील ज्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे फौजेत जातात, तेथील कित्येक मते याच वाटेने येतात. २०१६ मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन सेवा मतदारांना मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवण्याची सोय झाली आणि लखोट्यांवरील क्यूआर कोड यंत्राने वाचले जाऊ लागले. परंतु घोषणापत्रावरील सही आणि साक्षांकन कायम राहिले. कोड लखोट्याची ओळख पटवतो, माणसाची नव्हे.

दुसरी परंपरा तुलनेची. तिच्यात साक्षीदार नको. पूर्वी दिलेली सही आणि आता आलेली सही शेजारी ठेवून पाहायची. ब्रिटनमध्ये हे स्थित्यंतर एका दशकात घडले. पूर्वी तेथील टपाली मतदाराला साक्षीदाराच्या सहीसह ओळखीचे घोषणापत्र द्यावे लागे. २००० च्या कायद्याने टपाली मत मागेल त्याला मिळू लागले. २००४ च्या बर्मिंगहॅम येथील स्थानिक निवडणुकांतील गैरप्रकारांवर निवडणूक आयुक्त रिचर्ड मॉरी यांनी २००५ मध्ये अत्यंत कठोर निकाल दिला आणि २००६ च्या कायद्याने सही व जन्मतारीख या दोन वैयक्तिक खुणा आणल्या. पुढे अनेक मतदारांनी जन्मतारखेच्या रकान्यात त्या दिवसाची तारीख लिहिली आणि मते बाद झाली. खोटारड्याला पकडण्यासाठी मांडलेल्या जाळ्यात असे विसराळू लोकही सापडतात.

अमेरिकेत ओरेगॉन राज्याने १९९८ मध्ये सर्व निवडणुका टपालाने घेण्याचे जनमताने ठरवले आणि सही ताडणे हाच तेथील ओळखीचा मुख्य आधार बनला. सही ताडण्यामागे एक गृहीतक असते: प्रत्येक माणसाचे अक्षर त्याचेच असते आणि ते स्थिर राहते. देरिदा यांनी १९७१ मधील आपल्या व्याख्यानात सहीचा जो पेच मांडला तो या संदर्भात आठवतो. सही ओळखता यावी तर ती पुन्हा पुन्हा तशीच करता आली पाहिजे. आणि जी तशीच करता येते तिची नक्कलही करता येते. व्यवहारात आणखी एक गोष्ट घडते. प्रामाणिक माणसाची सही बदलते. वय वाढते, हात कापतो, दृष्टी अधू होते, एखाद्याची लिपीच बदलते. मोडीत सही करणाऱ्या आणि पुढे बाळबोध गिरवणाऱ्या आपल्या आज्यांच्या पिढीला तुलनेच्या पद्धतीने काय न्याय दिला असता? न्यू हॅम्पशायरमध्ये २०१८ साली संघीय जिल्हा न्यायालयाने तेथील सही जुळवण्याची तरतूद रद्दबातल ठरवली. मतदाराला कळवलेही जात नव्हते, बाजू मांडण्याची संधी नव्हती आणि जुळवणाऱ्यांना हस्ताक्षराचे प्रशिक्षणही नव्हते. त्यानंतर अनेक राज्यांत मतदाराला सूचना देऊन त्रुटी दुरुस्त करू देण्याच्या तरतुदीवर भर दिला जाऊ लागला.

साक्षीची परंपराही तेथे संपलेली नाही. नॉर्थ कॅरोलायनात टपाली मतावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागत. २०१८ मध्ये तेथील नवव्या काँग्रेस मतदारसंघात ९०५ मतांची आघाडी असूनही टपाली मतपत्रिका गोळा करण्यातील आणि साक्षीच्या सह्यांतील गैरप्रकार उघड झाल्याने राज्य निवडणूक मंडळाने फेब्रुवारी २०१९ मध्ये नव्याने निवडणूक घेण्याचा आदेश दिला. १८६४ मधील बाल्टिमोरपासून दीडशे वर्षांनी फसवणूक पुन्हा त्याच जागी सापडली.

भारतात वादाचे स्वरूप बहुधा उलटे असते. खोटे मत आत आले, यापेक्षा खरे मत बाहेर राहिले, ही तक्रार न्यायालयात पोचते. गुजरातमधील धोळका मतदारसंघात डिसेंबर २०१७ च्या विधानसभा निवडणुकीत विजयाचा फरक ३२७ मतांचा होता आणि नाकारलेल्या टपाली मतपत्रिका ४२९ होत्या. गुजरात उच्च न्यायालयाने १२ मे २०२० रोजी, ही मते बेकायदा रीतीने नाकारली गेली असे ठरवून निवडणूक रद्द केली. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालास स्थगिती दिली. घोषणापत्राच्या टप्प्यावर अडलेल्या मतपत्रिकेचे वैशिष्ट्य हे की तिच्यात काय लिहिले आहे ते कोणीच वाचलेले नसते. प्रस्तावनेत दोष निघाला म्हणून पुस्तकाची पाने न कापताच ते कपाटात ठेवावे, तसे हे आहे.

अलीकडे हजेरी वेगळ्या रूपात परत आली आहे. २०१९ मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन ऐंशी वर्षांवरील व दिव्यांग मतदारांना टपाली मताचा पर्याय मिळाला (ही वयोमर्यादा मार्च २०२४ मध्ये पंच्याऐंशी करण्यात आली). येथे लखोटा टपालात पडत नाही; मतदान पथकच घरी जाते, मतदार त्यांच्यासमोर घोषणापत्रावर सही अथवा अंगठा करतो, मत मात्र आडोशाला नोंदवतो आणि सारे चित्रित केले जाते. कॅमेरा येथे गोतसभेची जागा घेतो. परदेशस्थ नागरिकांच्या बाबतीत मात्र २०१० च्या दुरुस्तीने नाव नोंदवण्याचा हक्क देताना स्वतः मतदान केंद्रावर येण्याची अट ठेवली, ती याच अविश्वासातून.

परंतु घरी जाऊन घेतलेले मतही कागदावाचून पुढे सरकत नाही. २०२१ मध्ये केरळमधील पेरिंथलमण्णा मतदारसंघात निकालाचा फरक अवघ्या ३८ मतांचा होता आणि न मोजलेली विशेष टपाली मते साडेतीनशेच्या आसपास. या मतदारांत वयोवृद्धांचा मोठा भरणा होता. वादाचा एक मुद्दा असा होता की, कागदावर उणीव होती ती मतदाराच्या सहीची नव्हे, घरी आलेल्या मतदान अधिकाऱ्याच्या सहीची. उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये याचिका फेटाळली.