व्हिसेरा राखून ठेवला

अपमृत्यूच्या बातमीच्या शेवटी पुष्कळदा एक वाक्य असतं : 'व्हिसेरा राखून ठेवण्यात आला आहे.' आपण पान उलटतो. ज्यांच्या घरचं माणूस गेलं, त्यांना मात्र ते वाक्य झोपू देत नाही. पंढरपुरात आमच्या मोहल्ल्यात मी बी. ए. झालेला, कवितांसोबत लोकांचे अर्जही लिहून देणारा. तेव्हा असले कागद वाचायला मलाच बोलावणं येतं. प्रश्न ठरलेला. "चाचा, काढलेलं सगळं परत घातलं ना?" शेजारच्या गल्लीतले माळकरीही हेच विचारतात.

घातलं जातं, हेच उत्तर. हनुवटीखालून ओटीपोटापर्यंत एक उभी चीर देतात. बरगड्यांच्या कूर्चा कापून छाती उघडतात. एकेक अवयव वेगळा काढून तपासायची रीत बर्लिनच्या रुडॉल्फ विर्चो यांनी एकोणिसाव्या शतकात घालून दिली. अवयवाचं वजन करायचं, कापून आतून पाहायचं. हृदय तर रक्त ज्या वाटेनं वाहतं त्याच वाटेनं उघडत जातात. मग सगळं आत ठेवून चीर शिवतात.

विषाचा संशय असला तर मात्र जठर त्यातल्या अन्नासह, आतड्याचा तुकडा, यकृताचा काही भाग, दोन्ही मूत्रपिंडांचा अर्धा अर्धा भाग बरण्यांत घालून सील करतात. तो व्हिसेरा. त्यावर ओततात ते बहुतेक वेळा मिठाचं संपृक्त पाणी. फॉर्मेलिनमध्ये ठेवलं तर विष शोधणं अवघड होतं.

आपल्याकडे ही विद्या जुनी. सुश्रुतानं प्रेत गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून सात रात्री नदीच्या पाण्यात ठेवायला सांगितलं. नंतर वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंच्यानं थर थर घासून आतलं पाहायचं. सुरीचं काम नाही. चंद्रभागेकाठी राहणाऱ्या मला ही कल्पना वाचताना अंगावर काटा आला होता, हे कशाला लपवू? पुढे ती परंपरा तुटली आणि प्रेताला शिवणं हाच विटाळ ठरला. १८३६ साली कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात पंडित मधुसूदन गुप्त या संस्कृत जाणणाऱ्या वैद्यानं शवाला सुरी लावली, तेव्हा ते धाडसच होतं. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झालं. १८५१ साली तिथून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत आपले भाऊ दाजी लाड होते.

बरणीची गोष्टही याच कॉलेजातली. तिथले प्राध्यापक आय. बी. लायन मुंबई सरकारचे रासायनिक विश्लेषक होते. वाटसरूला धोतरा चारून लुटायचे ते दिवस. मेलेल्याच्या पोटातलं विष कोर्टात बोलू लागलं ते अशा प्रयोगशाळांमुळे.

नावं लिहिली गेली ती डॉक्टरांची. चीर देणारा, कवटी उघडणारा हात आजही पुष्कळ ठिकाणी शवागारातल्या कर्मचाऱ्याचा असतो. तो बहुधा दलित वस्तीतला असतो. कधी बापाच्या जागी मुलगा लागलेला. नातेवाईक त्याच्याशी चार हात लांबूनच बोलतात. आपल्या माणसाला शेवटचं नीट शिवून देणारा तो, त्याला निदान नावानं हाक मारावी, एवढंही आपल्याच्यानं होत नाही.

पोलीस चौकशीतल्या शवविच्छेदनाला घरच्यांची संमती लागत नाही. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४ होतं. १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेचं १९४ लागलं. सूर्यास्तानंतर शवविच्छेदन करू नये, ही इंग्रजांच्या वेळची वहिवाट नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्रानं सैल केली. सोय असेल तिथं रात्रीही करता येतं. पण खून, आत्महत्या, घातपाताचा संशय, अशी प्रकरणं सहसा सकाळपर्यंत थांबतात. आमच्याकडे तोवर कबर खोदून झालेली असते. मग रात्रभर तिच्यावर फळ्या टाकून ठेवतात, आणि कुणीतरी दोघं राखणीला बसतात.